पांढऱ्या डोळ्यांची कावीळ

कोरीटच्या फुलवंताबाई भुतांना भिणाऱ्यातल्या नव्हेत. नवरा, रेवजी, गेल्यावर शेताकडेचं घर सोडून गावात राहायला या, असं चौघांनी सांगून पाहिलं. त्यांनी कुणालाही दाद दिली नाही. अशा बाईला साठी ओलांडल्यावर एका हसण्यानं धरलं. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, भर दुपारी अंगणात ते हसू समोर उभं राहायचं. एकोणीस वर्षांच्या पोरीचं, ओठांच्या कोपऱ्यातलं, कुणाला दिसू नये म्हणून दाबलेलं. ते पाहिलं तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. कळलंही होतं, आणि सगळी गोम तिथंच होती.

फुलवंताबाई कावीळ उतरवायच्या. डॉक्टरकी नव्हे; माळ घालायच्या. एका वेलीच्या काड्या आणायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि पांढऱ्या दोऱ्यात सैल गाठींनी गुंफायचे. ही माळ रोग्याच्या डोक्यावर बसते, टोपीची कड बसावी तशी. मग दिवसागणिक ती लांबते. डोक्यावरून कानांवर, कानांवरून गळ्यात येते, खांद्यांवर अडते, आणि आणखी लांबली की खांदे ओलांडून खाली घसरते. पायांतून माळ काढली की कावीळ उतरली. काड्या सुकतात म्हणून गाठी ढिल्या पडतात आणि म्हणून माळ लांबते, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं समजू नका. जन्मभर दोरा ओढणाऱ्या बाईला एवढंही कळू नये? पण माणसं बरी होत होती, पंधरा-वीस दिवसांत डोळे निवळत होते. बऱ्याच काविळी आपल्या आपणच बऱ्या होतात असं सांगणारं माणूस त्यांना फार उशिरा भेटलं.

सासूनं ही विद्या देताना चार गोष्टी बजावल्या होत्या. दारात आलेल्याला माळ घातल्याशिवाय परत धाडायचं नाही. नारळाखेरीज काही घ्यायचं नाही. रविवारी आणि बुधवारी शेवटची माळ घालून होईपर्यंत पाण्याखेरीज तोंडात काही टाकायचं नाही. आणि ज्यानं पथ्य बांधलं त्यानंच ते सोडवायचं. रोग्याला समोर बसवून तूप-भाकरीचा पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, तोवर रोग्यानं तुपाला शिवायचं नाही.

बाईंनी चारही गोष्टी एकतीस वर्षं पाळल्या. तिसरी तर त्यांना मनापासून आवडायची. सकाळी दहाला भूक लागायची, बाराला पोटात आग पडायची, आणि दोनच्या सुमारास ती आपली आपण विझायची. मग डोकं हलकं व्हायचं, गुडघे दुखायचे थांबायचे, आणि सून काही बोलली तरी राग यायचा नाही. सुनेच्या बोलण्याचा राग न येणं ही त्या घरात केवढी मोठी गोष्ट होती, ते शेजारणींना विचारा. देवाचा हात डोक्यावर आला की असं होतं, अशी बाईंची समजूत होती. ही गोडी त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, तापीचा पूल ओलांडून लोणखेड्याहून सीमा नावाची बाई आली. सोबत तिची मुलगी भाविका. भाविका तिथंच कॉलेजात शिकत होती, हुशार होती, आणि बाप दिनेश तिच्या मार्कांच्या गोष्टी अख्ख्या गल्लीला ऐकवायचा. ऑक्टोबरचं ऊन अंगणात नुसतं भाजत होतं आणि या पोरीनं स्वेटर घातला होता.

"मावशी, इन्हा हात दखा," सीमा म्हणाली. "पिवया पडी ग्यात. खावानं तर नावच लेस नही."

बाईंनी तळवे पाहिले. पिवळे होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे. मग त्यांनी अंगठ्यानं पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळा पांढरा होता. दुसरा पाहिला. तोही पांढरा, अगदी स्वच्छ. बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांच्या अंगठ्याखालून हजारभर डोळे गेले असतील. काविळीत डोळा आधी पिवळा होतो आणि अंग मागून. हात पिवळे आणि डोळे पांढरे, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पोरीची बोटं त्या उन्हातही गार होती आणि मनगटावर बारीक, मऊ लव आली होती, नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या पाठीवर असते तशी.

"काय खास बेटा तू?" त्यांनी विचारलं.

"पपई," भाविका म्हणाली.

बापाची चार एकर पपईची बाग होती. तीन महिन्यांपासून पोर सकाळ-संध्याकाळ पपईवरच होती. आधी वजन कमी करायचं म्हणून, मैत्रिणींच्या नादानं. आता का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पपईच पपई खाल्ली की तिचा रंग तळव्यांत उतरतो, ही एवढीशी गोष्ट त्या अंगणात बसलेल्या एकालाही माहीत नव्हती. बाईंना फक्त एवढं कळलं की ही कावीळ नाही. काय आहे, ते कळलं नाही. आणि सासूची पहिली गोष्ट आडवी आली. दारात आलेल्याला परत धाडायचं नाही. मागं सहा माणसं खोळंबली होती, सीमा हात जोडून बसली होती. "हिला काही झालेलं नाही, दवाखान्यात दाखवा," एवढं वाक्य जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. माळ उचलून पोरीच्या डोक्यावर ठेवली.

मग नेहमीचं पथ्य सांगितलं. तेल नाही, तूप नाही, दूध नाही, हळद नाही, तळलेलं काही नाही. ज्वारीची भाकरी, मुळ्याचा पाला, उसाचा रस. पपई खावी, पपई चांगली. एकवीस दिवस.

तेव्हा भाविका ते हसू हसली.

चौथ्या दिवशी सीमाचा फोन आला. "मावशी, तीन दिनमा उतरनी. पायमाईन काढी लिधी. तुमना हातले गुन शे."

तीन दिवसांत माळ उतरल्याचं कोरीटमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. त्या रविवारी अंगणात दुप्पट गर्दी झाली. बाईंच्या पोराला, ललितला, आईचा अभिमान मावेना. फक्त बाईंच्या मनाला चैन नव्हतं. माळ लांबायला काड्या सुकाव्या लागतात आणि तीन दिवसांत त्या तेवढ्या सुकत नाहीत. मग खांद्यांवरून माळ इतक्या लवकर घसरली कशी? शेळीला पाला टाकता टाकता त्यांना उत्तर सापडलं आणि पाला हातातच राहिला. माळ लांबली नव्हती. स्वेटरच्या आत खांदेच उरले नव्हते.

एकवीस दिवस झाले. पथ्य सोडवायला कुणी आलं नाही. बाईंनी फोन लावला तर सीमा म्हणाली, "ती म्हनस, पुढला रविवारले जाऊत." बाई बरं म्हणाल्या, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पोर आली असती तर पुन्हा तिच्या डोळ्यांत पाहावं लागलं असतं. हे सुटल्यासारखं वाटणं त्यांनी स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

पुढचा रविवार आला नाही, त्याच्या पुढचाही नाही. लोणखेड्याच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं, ते बाईंना नंतर समजलं. आईनं वरणावर तूप सोडलं की भाविका ताट सरकवायची. मावशीनं पथ्य अजून सोडवलं नाही, म्हणायची. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, मग नुसत्या पपईच्या दोन फोडी. दिनेश कौतुकानं सांगायचा, कॉलेजातली पोर असून पथ्य कसं कडक पाळते बघा. आधी आई तिच्यामागं जेव जेव करत फिरायची. आता तिचं तोंड बंद झालं होतं. फुलवंताबाईंच्या शब्दाआड ती पोर आरामात उपाशी मरत होती.

आणि इकडं बाईंना हात दिसू लागले. वरणात हळद टाकली की आपला हळदीचा हात त्यांना आपला वाटेना. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला पिवळा रंग गोठ्याच्या दाराला लागून राहिला होता. पाच बोटांचा तो ठसा त्यांनी दोनदा शेणानं सारवला आणि दोन्ही वेळा वाळल्यावर तो पुन्हा वर आला. सून म्हणाली, रंग पक्का आहे, येणारच. बाईंनी त्या दाराकडं पाहायचं सोडून दिलं. पण हसण्याला सारवता येत नव्हतं. हे हसू आपण आधी कुठंतरी पाहिलंय, हे त्यांच्या मनातून जाईना, आणि कुठं ते आठवेना.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी सीमा एकटीच आली. बसलीही नाही.

"मावशी, चाला. भाविका कॉलेजमा चक्कर यीसन पडनी. चार दिनफाईन नंदुरबारले दवाखानामा शे. तोंडमा काहीच लेस नही. म्हनस, मावशी पथ्य सोडाई तवयच खासू."

सीमा रिक्षा पाहायला बाहेर गेली तसा ललितनं आईला आत ओढलं. "माय, जाऊ नको. पोरले काही व्हयनं ते सगळं तुन्हा आंगवर यी. कायदा शे आते, पोलीस लई जातीन." त्याचं काही खोटं नव्हतं. गेल्या तर कबूल करावं लागणार, आणि कबूल केलं की सासूची विद्या, एकतीस वर्षांची कोरीटची इभ्रत, अंगणातली गर्दी, सगळं गेलं. न गेल्या तर पोर जाणार. बाईंनी लुगडं बदललं, तुपाची वाटी फडक्यात बांधली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

वॉर्डातली डॉक्टरीण वयानं लहान होती आणि खूप दमलेली होती. ती रागावेल असं बाईंना वाटलं होतं. ती रागावली नाही, आणि ते जास्त लागलं.

"आजी, माणसानं खायचं सोडलं की शरीर आतलं खायला लागतं," ती म्हणाली. "आधी चरबी खातं, मग मांस. मग लिव्हर स्वतःलाच खायला लागतं. हिचं तिथपर्यंत आलंय. अठ्ठावीस किलो वजन आहे. रक्तातली साखर टिकत नाही, कारण ती साठवून ठेवायची जागाच मोडकळीला आली आहे. याला औषध एकच, अन्न. तेसुद्धा चमच्या-चमच्यानं, मोजून. एकदम भरवलं तरी जीव जाईल." एवढं बोलून तिनं सीमाच्या हातातला शिऱ्याचा डबा काढून घेतला.

बाई खाटेजवळ गेल्या. सवयीनं त्यांचा अंगठा पुढं झाला आणि त्यांनी पापणी ओढली.

या वेळी डोळा पिवळा होता.

बाईंनी खाटेखालचं स्टूल ओढलं. त्या स्टुलावर बसल्या. चादरीखाली पोर आहे की नुसती घडी, हे कळू नये इतकं ते अंग सपाट होतं.

"भाविका," त्या म्हणाल्या, सीमाला आणि डॉक्टरणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "तुले कावीळ व्हतीच नही. तुन्हा डोया पांढरा व्हतात. माले दिसनं व्हतं. तरी मी माळ घाली."

सीमा भिंतीला टेकली.

भाविकानं मान वळवली. "माले बी माहीत व्हतं," ती हळूच म्हणाली. "पन तुम्ही पथ्य सांगं, तवयफाईन घरमा कोनी माले जेव म्हनं नही. इतलं बरं वाटनं मावशी. डोकं हलकं हलकं व्हई जाये. काहीच दुखे नही."

आणि बोलता बोलता ती पुन्हा तशीच हसली. तेव्हा, त्या स्टुलावर, बाईंना आठवलं की हे हसू त्यांनी कुठं पाहिलं होतं. घरात कोनाड्यात आरसा होता, हातात मावेल एवढा. रविवारी दुपारी केस नीट करायला त्या त्यात पाहायच्या. ओठांचा कोपरा असाच असायचा. देवाचा हात म्हणून एकतीस वर्षं ज्याची गोडी लागली होती, तेच या पोरीच्या तोंडावर बसलं होतं, आणि ते तिचं लिव्हर खात होतं. देव कसला, नुसती भूक मेलेली.

"तुन्हं हासनं मी वळखं, बेटा," त्या म्हणाल्या. "मन्हं बी तसंच ऱ्हास, रविवारना दिन."

भाविका त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या महिन्यांत तिचं कौतुक न करणारं आणि तिला हट्टीही न म्हणणारं हे पहिलंच माणूस असावं. डॉक्टरणीनं दोन चमचे पेज मोजून दिली. बाईंनी वाटीतल्या तुपाचा एक थेंब तिच्या परवानगीनं त्यात सोडला, आणि पथ्य सोडवायचा चमचा पोरीच्या ओठांजवळ नेला. त्या दोन चमच्यांना पाऊण तास लागला.

पोर जगली. डॉक्टरणीच्या हिशेबानं नशिबानं जगली. महिना-सव्वा महिना ती त्या खाटेवर होती. रक्ताचे आकडे आधी चढले, मग अडले, मग हळूहळू उतरले. पुढं धुळ्याला मनाच्या डॉक्टरांकडं जाणं सुरू झालं. पोलीस आले नाहीत. सीमानं तक्रार केली नाही. तिनं बाईंना दोष दिला नाही तसं माफही केलं नाही. फुलवंताबाईंनी माळा बंद केल्या. दारात आलेल्याला त्या अजूनही पाणी देतात, डोळा बघतात आणि रक्त तपासायला पाठवतात. गावाला याचा राग आला. ज्यांना त्यांनी बरं केलं होतं त्यांनाच जास्त आला. अंगण ओस पडलं.

एक गोष्ट मात्र ठरली. दर रविवारी भाविका स्कूटीवरून येते, आणि दोघी समोरासमोर जेवायला बसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं माप असतं. ती एक घास खाते, बाई एक घास खातात. ती थांबली की बाईही थांबतात, पोटात कितीही आग असली तरी. अर्ध्या भाकरीला कधी कधी उन्हाचा कवडसा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सरकतो. बोलणं फार होत नाही. बरी झालीस का, असं बाई कधी विचारत नाहीत. डोळे पांढरे आहेत एवढं त्या बघतात, आणि पांढऱ्या डोळ्यांवर आता त्यांचा विश्वास नाही.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी भाविका वेळेवर आली नाही. बाई वाट बघत बसल्या. बारा वाजले, एक वाजला. फोन लावला तर वाजतच राहिला. सून म्हणाली, तुम्ही खाऊन घ्या. बाई म्हणाल्या, येईल ती. पुन्हा फोन लावला. पोटात आग पडली आणि दोनच्या सुमारास ती विझली. गुडघे दुखायचे थांबले. ती आली नाही तर काय, ही दिवसभराची धाकधूकही कुठंतरी दूर गेली. ऊन छान वाटायला लागलं.

स्कूटीचा आवाज आला तेव्हा चार वाजायला आले होते. पंक्चर झालं होतं आणि फोन घरी राहिला होता. भाविका उंबऱ्यातच थांबली. बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही हासी ऱ्हायनात."

बाईंनी ओठांवर हात नेला. कोपरा वर होता.

भाविकानं पिशवी खाली ठेवली. चुलीपाशी जाऊन भाकरी घेतली, तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि बाईंच्या समोर मांडी घालून बसली. "पहिले तुम्ही," म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं. घास आत गेला आणि तिथंच बसला. भूक मेलेल्या घशाखाली तो काही केल्या उतरेना. या पोरीचा प्रत्येक घास असा असतो, हे इतके रविवार समोर बसून त्यांना समजलं नव्हतं. त्यांचा हात तांब्याकडं गेला.

"पानी नको," भाविका म्हणाली आणि तांब्या बाजूला सरकवला. "पानी पेनं का पोट भरी गयं असं वाटस. मी तेच करत व्हती. हळूहळू चावा."

फुलवंताबाई चावत राहिल्या. घास गेला. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तिच्या तोंडाजवळ नेला.